बी.फार्म.नंतर औषधांच्या आकड्यांचं काम

प्रश्न : आमचं गडहिंग्लजला मेडिकल आहे. मुलगी कोल्हापुरात बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत तिनं आमच्या आणि इचलकरंजीच्या मामाच्या दुकानाची वर्षभराची बिलं एक्सेलमध्ये घालून पाहिली. सेफिक्झिम हे अँटिबायोटिक आमच्याकडं जवळजवळ दुप्पट खपतं म्हणते. आता याच विषयात पुढं शिकायचं म्हणून हटून बसलीय. यात करिअर आहे का? आणि असं काही बोलून डॉक्टर दुखावले तर दुकान कसं चालवायचं? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या लेकीला कुणी सांगितलेलं नसताना हा प्रश्न पडला, याचं मला फार कौतुक वाटतं. ती ज्या वाटेवर उभी आहे ती जुनी आहे. 1938 साली ॲलिसन ग्लोव्हर या डॉक्टरांनी दाखवलं की इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांच्या टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांचं प्रमाण भागाभागात कमालीचं वेगळं आहे आणि हवा, गरिबी अशा कारणांनी ते उलगडत नाही. 1973 मध्ये वेनबर्ग आणि गिटेलसोन यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात 13 भागांची तुलना करून तेच मांडलं. आज इंग्लंडमध्ये प्रत्येक सरकारी दवाखान्यानं कोणतं औषध किती लिहून दिलं, याची आकडेवारी दर महिन्याला खुली होते आणि ओपनप्रिस्क्रायबिंग या संकेतस्थळावर ती कुणालाही फुकट पाहता येते. रुग्णांची नावं त्यात नसतात.

म्हणजे काम आहे. पण 'दुप्पट' या शब्दावर मी तिला जरा थांबवीन, कारण या पेशाचं खरं कसब तिथंच लागतं.

पहिली गोष्ट, तिनं मोजलं काय? स्ट्रिपा? सेफिक्झिम 100 आणि 200 मिलिग्रॅमच्या गोळ्यांत येतं, मुलांचं सिरपही असतं. ते सगळं एका मापात आणावं लागतं. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं प्रत्येक औषधाचा प्रमाणित दैनिक डोस ठरवलेला आहे. सेफिक्झिमचा 400 मिलिग्रॅम, म्हणजे 200 च्या दोन गोळ्या.

मग माणशी खप काढायला भागायचं कशानं? दुकानाला काही ठरावीक लोकसंख्या नसते. गडहिंग्लजला आजरा, चंदगडचे लोकही येतात. मामांच्या शेजारी बालरोगतज्ज्ञाचा दवाखाना असेल तर सिरपचा खप वेगळाच दिसणार. कोल्हापूर शहराचं तर बोलायलाच नको. निपाणीपासून सिंधुदुर्गापर्यंतचे रुग्ण तिथं उपचाराला येतात आणि औषधं तिथूनच घेऊन जातात. ती विक्री शहराच्या लोकसंख्येनं भागली तर शहर उगाचच डोळ्यात भरेल आणि हे रुग्ण जिथून येतात ते भाग उगाचच काटकसरी ठरतील.

लहान आकड्यांचा सापळा वेगळा. गगनबावडा हा जिल्ह्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. तिथं पाचपंचवीस रुग्ण इकडचे तिकडे झाले तरी माणशी खपाचा आकडा वरखाली उडतो. बारा तालुक्यांची यादी उतरत्या क्रमानं लावली तर सर्वांत वर किंवा सर्वांत खाली असा लहान तालुका निव्वळ योगायोगानंही येऊ शकतो. म्हणून नुसता क्रम लावत नाहीत. लोकसंख्या जितकी कमी, तितका चढउतार योगायोगाचा धरून त्याच्याही बाहेर कोण जातं, ते पाहतात. त्याच्या आलेखाला फनेल प्लॉट म्हणतात. तो तिनं पहिल्यांदा शिकावा.

एवढं करूनही फरक उरला, तर मगच 'का' विचारायचं. शिरोळमध्ये एखाद्या ऑगस्टमध्ये डॉक्सीसायक्लिन अचानक वाढलेलं दिसलं तर 2019 चा महापूर पाहिलेल्या माणसाला पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस हा ताप टाळायला दिलं जाणारं हे औषध आधी आठवेल. नुसत्या संख्याशास्त्रज्ञाला आठवेलच असं नाही. कधी कारण साथ असतं, कधी कंपनीच्या प्रतिनिधींचा त्या भागातला जोर, कधी चिठ्ठीशिवाय झालेली विक्री, तर कधी खरोखरच गरज नसताना दिलेलं अँटिबायोटिक. हे चारही बिलात सारखेच दिसतात. त्यांच्यातला फरक ओळखायला औषधं कळणारा माणूस लागतो, म्हणून फार्मसीचं शिक्षण ही तिची जमेची बाजू आहे.

आता तुमची काळजी. ती रास्त आहे, मी ती हसण्यावारी नेणार नाही. दोन दुकानांच्या बिलांवरून कुठल्याही डॉक्टरबद्दल काहीही म्हणता येत नाही, आणि तिनं म्हणूही नये. रुग्णांची नावं काढून टाकलेली, डॉक्टरांच्या जागी क्रमांक घातलेला तक्ताच तिच्या हाती द्या. सेफिक्झिम शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत येतं, त्यामुळं त्याची वेगळी नोंदवही तुमच्याकडं असणारच. ती मात्र कॉलेजात किंवा व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. सराव इंग्लंडच्या खुल्या आकड्यांवर करू दे. तिथं कुणी दुखावणार नाही आणि माहितीही भरपूर आहे.

शिक्षणाचं म्हणाल तर जीपॅट, म्हणजे एम.फार्म.ची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी. त्यानंतर एम.फार्म.मध्ये फार्मसी प्रॅक्टिस (रुग्णांमधला औषधांचा वापर) किंवा फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरचा परिणाम). मोहालीच्या नायपर या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थेत फार्मसी प्रॅक्टिस आहे, त्यासाठी त्यांची वेगळी प्रवेश परीक्षाही असते. दुसरी वाट सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीची, म्हणजे एमपीएचची. माझं मत विचाराल तर या मुलीला ती जास्त मानवेल, कारण तिचा प्रश्न रेणूचा नाही, समाजाचा आहे. बी.फार्म. चालतं का, ते त्या त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या माहितीपत्रकात पाहा. वाट कुठलीही असो, आर किंवा पायथन आणि एसक्यूएल या आकडेवारी हाताळायच्या संगणकभाषा आतापासूनच. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग आहे. तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना तिनं आपला तक्ता घेऊन भेटावं.

नोकऱ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. इंग्लंडसारखी दवाखानानिहाय खुली आकडेवारी आपल्याकडं नाही, त्यामुळं नेमकं हेच काम करणाऱ्या जागा थोड्या. पण औषध सुरक्षितता, आरोग्य अर्थशास्त्र, अँटिबायोटिक वापरावरचं संशोधन यांत हीच कौशल्यं लागतात. त्यातलं बरंचसं काम पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूला आहे. घर सोडावं लागेल, याची तयारी तुम्हा दोघांची हवी. औषध निरीक्षकाची परीक्षा ती नंतरही देऊ शकेल, बी.फार्म. कुठं जात नाही.

या सुट्टीत तिला एवढंच करू दे : दोन्ही दुकानांचं सेफिक्झिम दैनिक डोसात बदलायचं, महिन्यावार मांडायचं आणि फरक बारा महिने टिकतो की पावसाळ्यापुरताच दिसतो, ते पाहायचं. तो तक्ता नावांशिवाय माझ्याकडं पाठवा, मी वाचीन.