वाचकांचे प्रश्न : बोटीतलं टॉयलेट गळतंय

प्रश्न : उजनीच्या बॅकवॉटरला पक्षी बघायला येणाऱ्या पर्यटकांसाठी आमची फायबरची बोट आहे. बायाबापड्यांची आणि म्हाताऱ्या माणसांची अडचण होते म्हणून गेल्या हंगामात दोन टाक्यांचं (वर फ्लशच्या पाण्याची, खाली मैल्याची) पोर्टेबल टॉयलेट घेतलं. खालची टाकी 20 लिटरची आहे. आता प्रत्येक फेरीनंतर त्याच्या खाली ओल दिसते आणि वास मारतो. सील गेलं म्हणायचं, की टॉयलेटच बदलायचं?
– एक बोटमालक, ता. करमाळा

उत्तर : एवढ्यात दोन्ही नको. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. पाणी वरच्या टाकीतलं असेल तर मामला फक्त साध्या पाण्याचा आहे आणि फार तर एखादी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, बदलावी लागेल. खालच्या टाकीतलं असेल तर मात्र चालढकल करू नका.

टॉयलेट रिकामं करा, धुवा, पुसून खडखडीत कोरडं करा. वरच्या टाकीत पाणी भरून त्यात कपड्यांच्या निळीचे पाच-सहा थेंब टाका. खालच्या टाकीत 5 लिटर पाणी आणि चिमूटभर जिलेबीचा केशरी रंग. दोन्ही टाक्या जोडून क्लिप लावा आणि टॉयलेट वर्तमानपत्रावर ठेवा. खाली जुना सोलापुरी टॉवेल अंथरायचा मोह आवरा. तो सगळं पिऊन टाकतो आणि डाग कुठून सुरू झाला ते कळत नाही. दोन टाक्यांच्या सांध्याभोवती, पंपाखाली आणि प्रत्येक झाकणाखाली कागदाची पट्टी चिकटवा. भांडं आणि खालची टाकी यांच्यामधली सरकती झडप बंद करा आणि भांड्यात कपभर निळं पाणी सोडून ठेवा. अर्धा तास तसंच राहू द्या, मग चारही बाजूंना हळूहळू कलवा. लाटेवर बोट कलते तेवढंच, त्याहून जास्त नको.

कागद निळा झाला तर दोष वरच्या टाकीत आहे. पंप दाबायचा असेल तर त्याच्या घड्यांना चीर पडलेली असते, ओढायचा असेल तर दट्ट्याची ओ-रिंग झिजलेली असते. पुष्कळदा तर यातलं काहीच नसतं. टाकी काठोकाठ भरलेली असते आणि बोट हलली की पाणी भरण्याच्या झाकणातून बाहेर येतं. दोन तृतीयांशच भरा.

केशरी ओल सांध्याशी दिसली, किंवा भांड्यातलं निळं पाणी खाली उतरून गेलं, तर सरकत्या झडपेचं रबर धरत नाही. तुमच्या वर्णनावरून आमचा संशय इथेच आहे. ते रबर बहुधा फाटलेलं नसतं. त्यावर लघवीचे क्षार बसलेले असतात, कागदाचा कपटा अडकलेला असतो किंवा ते नुसतं कोरडं पडलेलं असतं. त्यात फ्लशला बोअरचं जड पाणी वापरत असाल तर क्षार दुपटीनं साचतात.

हातमोजे घाला. झडप बंद करून क्लिप दाबा आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवा. खालची टाकी रिकामी करून धुवा. रबराची पातळ ओठासारखी कड कोणत्या बाजूला आहे ते पाहून मार्करनं खूण करा, मगच रबर काढा. उलटं बसवलेलं नवं रबरसुद्धा गळतं. रबर कोमट साबणपाण्यात धुवा. खाचेतले क्षार काढायला लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून ते द्रावण अर्धा तास खाचेत आणि झडपेच्या पाटीवर ठेवा, मग जुन्या टूथब्रशनं घासा. रबर या द्रावणात बुडवू नका. पाटीवर नख फिरवून पाहा. खोल ओरखडा लागला तर रबर कितीही चांगलं असलं तरी तिथून पाणी झिरपणारच, पाटी बदलावी लागेल.

सगळं वाळलं की रबराला ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढं सिलिकॉन ग्रीस बोटानं सगळीकडे पातळ लावा. आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडे ते मिळतं. व्हॅसलीन, खोबरेल किंवा इंजिन ऑइल लावू नका, त्यानं रबर फुगतं किंवा चिकट होतं आणि झडप पुन्हा अडकते. हंगामात महिन्यातून एकदा ग्रीस पुरे.

आता बोटीचं म्हणून जे वेगळं आहे ते. या टॉयलेटच्या जाहिरातीत लिहिलेले पन्नास फ्लश आपल्याकडे लागू पडत नाहीत, कारण आपण पाण्यानं धुतो. फ्लशचं अर्धा लिटर, धुण्याचं पाऊण लिटर आणि बाकीचं धरून एका वेळेला दीड लिटर सहज जातं. हलत्या बोटीत टाकी पाऊणच्या वर भरू द्यायची नाही, म्हणजे 20 लिटरमधले 15 लिटर, म्हणजे दहा जण. अकराव्यापासून मळी हिंदकळून थेट झडपेच्या रबरावर आदळते. तिथे धुण्यासाठी ठेवलेला लोटा काढून पाव लिटरची पिचकारीची बाटली ठेवा, फरक लगेच दिसेल.

इंजिनच्या थरथरीनं बाजूच्या क्लिपाही सैल होतात. टॉयलेट दोरीनं वरून आवळून बांधू नका, त्यानं सांधा एका बाजूला उघडतो. खालची टाकी तळाला पकडणाऱ्या पट्ट्या मिळतात, त्याच लावा. मात्र त्यांचे स्क्रू थेट बोटीच्या बुडात नकोत. आधी 18 मिलिमीटरची मरीन प्लायची फळी चिकटवा आणि स्क्रू फळीच्या जाडीपेक्षा आखूड घ्या.

प्रश्न : दुपारी झडप उघडली की खालून फवारा उडतो. सकाळी असं होत नाही. हे गळतीचंच लक्षण का?
– एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : उलट टाकी घट्ट असल्याचं लक्षण आहे! उन्हात आतली हवा फुगते, मळीतून वायूही तयार होतो आणि झडप उघडताच दाब मोकळा होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात टॉयलेट उघड्या डेकवर असेल तर विचारूच नका. वापरण्याआधी वरचं झाकण बंद ठेवून झडप जेमतेम बोटभर सरकवा, फुस्स आवाज थांबू द्या, परत बंद करा आणि मग भांड्यात थोडं पाणी घेऊन नेहमीसारखी उघडा. टॉयलेट सावलीत ठेवा. सुरुवातीला टाकीत 2 लिटर पाणी आणि बाटलीवर लिहिलेल्या मापानं टॉयलेटचं द्रव (मैल्याचा वास दाबणारं) घातलं तर वायू कमी होतो. त्याऐवजी फरशीचं ॲसिड नको, सील खाऊन टाकतं. ब्लीचिंग तर टाकीत मुळीच नको, लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो.

प्रश्न : सुटे भाग इथे मिळत नाहीत. सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं तर? आणि टाकीला तळाशी बारीक चीर आहे, तिला एम-सील लावलं होतं, ते निघून आलं.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ओतायच्या नळीच्या झाकणाचा वॉशर सपाट असतो. तो 3 मिलिमीटरच्या रबर शीटमधून कापून चालेल, ट्यूब मात्र फार पातळ पडते. पंपाच्या ओ-रिंगसाठी जुनी रिंग घेऊन बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात जा. आतला व्यास आणि जाडी मोजून ते जुळती रिंग देतात. यंत्रमागांच्या गावात असली दुकानं शोधावी लागत नाहीत. झडपेचं रबर मात्र कापून करू नका, त्याच्या कडेचा आकारच पाणी अडवतो. ते मॉडेल नंबर सांगून मागवा.

चिरेचं म्हणाल तर बहुतेक टाक्या एचडीपीई प्लॅस्टिकच्या असतात. तळाशी त्रिकोणात 2 आकडा असेल तर तीच. तिला एम-सील किंवा अरल्डाइट धरत नाही, आज लावलं की आठवड्यात पापुद्रा सुटतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या वेल्डिंग करणाऱ्याला गाठा, तो त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या काडीनं भरून देईल. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचं भोक पाडायला सांगा, नाहीतर चीर पुढे पळते. टाकी नीट धुतल्याशिवाय नेऊ नका. तोही माणूसच आहे.

प्रश्न : सांडलं तर साफ कसं करायचं आणि टाकी रिकामी कुठे करायची? मधल्या पात्रात पाणी भरपूर असतं.
– एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : पात्रात नाही. सोलापूर शहराला जलवाहिनीनं पिण्याचं पाणी जातं ते उजनीतूनच, आणि 1974 च्या जलप्रदूषण कायद्यानं असं पाणी घाण करायला मनाई आहे. काठावर येऊन मैला नेहमीच्या संडासात ओता. ओतताना हवा सोडायचं बटण दाबून धरा, नाहीतर गटगट करत अंगावर उडतं. टॉयलेटच्या द्रवात फॉर्मॅल्डिहाइड असेल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं, म्हणून तशी टाकी असेल तिथे जैविक द्रव वापरा.

सांडलेलं आधी वर्तमानपत्रानं किंवा लाकडाच्या भुशानं टिपा आणि पिशवीत बांधा. जागा साबणानं धुऊन पाणी बादलीत टिपून घ्या, बोटीबाहेर ढकलू नका. मग लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ती जागा दहा मिनिटं ओली ठेवा आणि साध्या पाण्यानं पुसा. फळ्यांच्या फटीतली ओल राहिली तर वास चार दिवस जात नाही, म्हणून फळ्या उचलून खालीही पुसा.