भेंडीवरील पांढरी माशी

प्रश्न : गच्चीवरील कुंड्यांतल्या भेंडीला हात लावताच पांढऱ्या माश्या उडतात आणि काही झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आहेत. काय करावे?

उत्तर : पिवळ्या शिरा हे ‘हळद्या’ या विषाणूजन्य रोगाचे लक्षण असून त्यावर औषध नाही, म्हणून अशी झाडे, जीव कितीही हळहळला तरी, लगेच उपटून पिशवीत बंद करून टाकावीत, कारण पांढरी माशी त्यांच्यावरूनच रोग निरोगी झाडांवर नेते. उरलेल्या झाडांवर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून सायंकाळी फवारावे. पिल्ले पानांच्या खालच्या बाजूस चिकटून रस शोषतात आणि बहुतेकांची फवारणी नेमकी तिथेच पोहोचत नाही. अंडी व कोष बचावत असल्याने आठवड्याने पुन्हा फवारावे. पिवळे चिकट सापळे केवळ प्रौढ माश्या पकडतात.