आजीचं खरं वय किती? : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातली, सध्या पुण्यात जॉबला आहे. आजीच्या आधार कार्डावर 1 जानेवारी 1930 आहे, त्यामुळं पप्पा म्हणायलेत शंभरी जवळ आली, मोठा कार्यक्रम करू, आणि चुलते म्हणायलेत अजून नव्वदी पण झालेली नाही. आजीला विचारलं तर म्हणती, "रझाकाराच्या टायमाला मी परकर-पोलक्यात होते, लहानी घागर घेऊन आडावर जायचे." मोठी आत्या तिचं पहिलं लेकरू, आत्याच्या टीसीवर 1 जून 1956 आहे. पप्पा शेंडेफळ, बहात्तरच्या दुष्काळात अंगावर पीत होते. खरं वय कसं काढायचं? आणि कार्यक्रमात आजीवर मलाच बोलायचंय, पण "आयुष्यभर लेकरांसाठी झिजली" याच्यापुढं काही सुचतच नाही.

उत्तर : आधी आधारचं सांगते. जन्मतारीख माहीत नसली की कॅम्पमधी अंदाजे वय सांगायचं आणि कागदावर 1 जानेवारी यायची, आपल्याकडं गावच्या गाव त्या तारखेला जन्मलेलं सापडंल. आत्याची 1 जून पण तसलीच, शाळा जूनमधी सुरू व्हायची म्हणून मास्तरच तारीख लावून टाकायचे, तेव्हा 1956 हे एखादं वर्ष मागंपुढं धरायचं.

आजीनं मात्र तुला सगळ्यात चांगला पुरावा दिलाय गं. हैदराबाद संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला संपलं, रझाकारांचा धिंगाणा त्याच्या आधीच्या वर्षा-दीड वर्षातला. तेव्हा लहानी घागर डोक्यावर घेणारी पोरगी म्हणजे 9 ते 12 वर्षांची असणार, म्हणजे जन्म 1936 ते 1939 च्या दरम्यानचा. आता आत्या 1956 ची धरली तर आजी तेव्हा 17 ते 20 ची होती, बरोबर बसतंय. उलट 1930 खरं मानलं तर 1948 ला ती 18 ची होती, आणि त्या काळात 18 ची पोरगी माहेरच्या आडावर परकर-पोलक्यात? ती कधीचीच नांदायला गेलेली असती. चुलते बरोबर आहेत, पप्पांना जरा हळू सांग.

कागद बघायचाच असंल तर आजीच्या माहेरच्या तालुक्याला जुन्या रेकॉर्डमधी जन्माची नोंद शोधता येती. निजामाच्या वेळचं बरंचसं उर्दूत असतं आणि साल फसली असतं, त्यात 590 मिळवायचे म्हणजे इसवी सन येतं, एखादं वर्ष इकडंतिकडं (1347 फसली दिसलं तर 1937 च्या आसपास). मिळालं तर मिळालं. आधार मात्र आता उगं बदलत बसू नका, या वयात तिला बोटाचे ठसे द्यायला कुठं फिरवता.

आणि शंभरी कशाला, सहस्रचंद्रदर्शन करा ना. अधिक महिन्यामुळं वर्षाला 12 पेक्षा थोड्या जास्त पौर्णिमा पडतात, त्यामुळं 81 पूर्ण व्हायच्या आतच हजार होतात. कुणाचाही हिशोब घेतला तरी आजीच्या कधीच्याच झाल्या, भांडण मिटलं.

आता भाषण. झिजली, खस्ता खाल्ल्या, हे प्रत्येक आजीबद्दल बोलतात आणि मांडवातल्या बाया तोवर जेवायला काय केलंय ते विचारत बसलेल्या असतात. खरंच सांगते, त्यात आजी कुठंच नसती. तिनं केलं काय ते सांग. बहात्तरला दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची का तलावाच्या मातीकामाला? तुझे पप्पा अंगावर पिणारे, मग त्यांना झाडाला झोळी बांधून टाकायची का आत्या सांभाळायची, आत्या तेव्हा 16 ची, का तिचं लग्न उरकलेलं? मिलोची, म्हणजे बाहेरदेशातनं आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी मोडायची, ती थापायची कशी? कामावर मिळणारा सुका खाऊ, सुकडी, तिथंच खायची का पदरात बांधून घरी आणायची? पगार हातात कुणाच्या पडायचा, हे तर नक्की विचार, यातनं घरातलं लई काही कळतं.

किल्लारी तर तुमच्याच तालुक्यातलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक झोपलेले आणि 30 सप्टेंबर 1993 ला पहाटं चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं, त्याखालीच माणसं गेली. तुमच्या घराचं काय झालं, आजीनं अंधारात आधी कुणाला बाहेर ओढलं, नंतर किती दिवस पालात नाहीतर पत्र्याखाली चूल मांडली, त्या चुलीवर शेजारचे कोण कोण जेवले, हे विचार. मग परत माळवदाखाली झोपली का, ते पण.

आणि सगळं दुष्काळ-भूकंपच नको बाई! येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात तिच्या हातची भज्जी आणि आंबिल खाल्ली असशीलच तू, ती भज्जी सासूकडनं शिकली का माहेराहून आणली ते विचार. शेवटी असं काहीतरी विचार ज्यात तुम्ही लेकरं-नातवंडं कुणीच नाहीत. तिची मैत्रीण कोण होती, एकटीनं एस्टीत बसून पहिल्यांदा कुठं गेली, राग आला की काय करायची. आजोबांबद्दल काही तिखट निघालं तर माईकवर बोलायच्या आधी तिला विचारून घे. पाच मिनिटं पुरे, त्याच्यावर ताणू नको.

प्रश्न : माझी आई ऐंशीच्या पुढं आहे, पूर्वी खूप ओव्या म्हणायची. मोबाईल समोर धरला की म्हणते, आता काही आठवत नाही. काय करू? (सेलू, जि. परभणी)

उत्तर : मोबाईल समोर धरू नका, एवढंच. जातं शिल्लक असंल तर मूठभर डाळ भरडायला बसवा आणि जोडीला तिच्याच वयाची एखादी शेजारीण बोलवा, एकीनं एक ओवी टाकली की दुसरीला पुढची आठवती. जात्यावरच्या अशा लाखभर ओव्या महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यातनं गोळा झाल्यात, त्यात आपल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या पण आहेत, त्यातली एखादी तिला ऐकवून बघा, म्हणंल आमच्याकडं अशी नव्हती, आणि तिची म्हणून दाखवंल. फोन कोनाड्यात ठेवा पण रेकॉर्डिंग लावलंय हे तिला आधी सांगा, आणि तेवढा वेळ फॅन बंद ठेवा, त्याची घरघर लई येती.