मनमिळाऊपणाच्या इंग्रजी छटा

बडोदे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्रवेश-अर्जासोबत जोडायचे तुझे इंग्रजी आत्मनिवेदन वाचले. पहिल्याच परिच्छेदात तू स्वतःला अ‍ॅमिएबल, अ‍ॅफेबल, जीनिअल आणि अ‍ॅमिकेबल म्हटले आहेस. कोशात या चौघांपुढे ‘मनमिळाऊ’, ‘स्नेहशील’ असेच काहीसे सापडते, तेव्हा तू ते एका माळेत ओवलेस यात नवल नाही. परंतु जाणकाराला त्यांतला एक शब्द सरळ खटकेल आणि उरलेल्यांतून तीन निरनिराळी माणसे दिसतील.

खटकेल तो अ‍ॅमिकेबल. तो आणि अ‍ॅमिएबल हे दोन्ही ‘मित्र’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. पण आजच्या इंग्रजीत अ‍ॅमिएबल माणूस असतो, तर अ‍ॅमिकेबल असते ती बहुधा तडजोड किंवा फारकत. दांडिया बाजारातल्या वाड्याची वाटणी भावाभावांनी कोर्टाची पायरी न चढता सामोपचाराने केली, तर ती वाटणी अ‍ॅमिकेबल. भाऊ स्वभावाने कसे आहेत, हे त्यावरून कळत नाही.

अ‍ॅफेबलच्या मुळाशी ‘बोलणे’ आहे. ज्याच्याशी बोलायला संकोच वाटत नाही, विशेषतः वयाने वा अधिकाराने मोठा असूनही वाटत नाही, तो अ‍ॅफेबल. मांडवीतला कापडवाला गिऱ्हाईक पायरी चढते न चढते तोच ‘आवो बेन, या, बसा’ असे अर्धे गुजरातीत, अर्धे मराठीत म्हणत ठाण उलगडू लागतो. त्याला अ‍ॅफेबल खुशाल म्हणावे. अ‍ॅमिएबल म्हणायला मात्र तो घरी कसा वागतो हे ठाऊक हवे, कारण हा शब्द स्वभावाविषयी बोलतो, आणि त्यात कधी कधी ‘गरीब बिचारा’ अशी पुसट छटाही डोकावते. जीनिअलमध्ये ऊब आहे: गणपतीत पंक्तीला आग्रह करकरून वाढणारा, कोपऱ्यातल्या अबोल पाहुण्यालाही हसवणारा यजमान जीनिअल. इंग्रजीत सौम्य, उबदार हवेलाही हेच विशेषण लावतात; आपला मे महिना त्यात बसत नाही.

कॉर्डिअल जपून वापर. तो लॅटिन ‘हृदया’पासून निघाला खरा, परंतु आता बहुतेक वेळा औपचारिक सौजन्यापाशी थांबतो. १९०४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी ज्या समझोत्यात इजिप्त आणि मोरोक्कोवरचे एकमेकांचे वर्चस्व मान्य केले, त्याच्याही नावात हाच शब्द आहे, यावरून काय ते ओळख. कन्जीनिअल म्हणजे ‘समानशीलव्यसनेषु सख्यम्’मधला समानशील, म्हणून ‘कोणाला?’ हा प्रश्न त्याच्यामागे नेहमी असतो.

आत्मनिवेदनातून ही सगळी विशेषणे काढ आणि तिथे वसतिगृहातल्या नव्या मुलींना तू कशी मदत केलीस ते लिही. विशेषणे शिफारस करणाऱ्याने लावायची असतात. माझ्या पत्रात मी तुला अ‍ॅमिएबल म्हणणार आहे. अ‍ॅफेबल म्हणणार नाही, कारण अनोळखी माणसासमोर तू अजून अवघडतेस, आणि मुलाखतीत ते समितीच्या लक्षात येईलच.

तुझे शुभचिंतक,
सर