जुनी मारुती ८०० हाती घेताय? आधी पत्रा बघा

भावा, अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टीम नंतर. कोकणच्या खाऱ्या हवेत आधी पत्रा. मॅट उचल आणि फ्लोअर, दारांखालची पट्टी, स्टेपनीची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. टोक आत गेलं तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. नवखे तिथेच लांबी (पुट्टी) भरून रंग मारतात. आत ओल कोंडते आणि पावसाळ्यात फुगे येतात.

मग एवढंच:
- मागचे ब्रेक शू, ते दाबणारे व्हील सिलिंडर, नवं ब्रेक ऑइल.
- इंजिनचा टायमिंग बेल्ट नवा. जुन्याचा इतिहास कोण सांगणार?
- रेडिएटरला विहिरीचं पाणी नको, कूलंट घाल. इंजिनचं हेड (वरचा भाग) अॅल्युमिनियमचं, फार तापलं की वाकतं, त्याखालचं गॅस्केट (सील) जातं.

रुंद टायर नकोत, स्टिअरिंग जड होतं. गाडी १५ वर्षांपुढची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ते पैसे देण्याआधी बघ.