हिरड्याचा करडा दुपट्टा गावात आहेराला का चालत नाही?

ताई, तुमच्या बचत गटाचे हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांत रंगवलेले करडे दुपट्टे बाहेरची मंडळी हौसेने नेतात आणि गावात ‘मळका दिसते’ म्हणून परत ठेवतात, तर रंगवण्यात काही चुकतंय का, असं तुम्ही विचारलंय. रंगवण्यात काही चुकलेलं नाही. इकडे करडा म्हणजे मळखाऊ, वावरात डोक्याला बांधायचा. आहेरात तो दिला की देणाऱ्याने हात आखडला असंच वाटणार. जपानात मात्र एदो काळात (१६०३ ते १८६८) सामान्यांच्या भपकेबाज कपड्यांवर निर्बंध होते, तेव्हा करड्या-तपकिरीच्याच इतक्या छटा निघाल्या की ‘अठ्ठेचाळीस तपकिरी, शंभर करडे’ ही म्हण पडली आणि तोच रंग रसिकांचा ठरला.

पांढऱ्याचं आणखी नाजूक. एका घरी पांढरं लुगडं म्हणजे दुखवटा, तर त्याच गावच्या बौद्ध वस्तीत नवरा-नवरी पांढऱ्यातच उभे राहतात. १९५६ साली दीक्षाभूमीवरही लोक पांढऱ्या कपड्यांत आले होते. निळ्या काठाला तिथे वेगळा मान. म्हणून ऑर्डर घेताना लग्न कोणाकडचं, हे आधी विचारा.

आता माल तोच ठेवून रंग फिरवा. १ किलो कोरड्या सुती कापडाला १५०-२०० ग्रॅम हिरडापूड लावून वाळवा. आहेराच्या पिवळ्यासाठी पुढे १०० ते १५० ग्रॅम तुरटी आणि डाळिंबसालीचा काढा. नुसती हळद नको: उन्हात विटते, साबण लागला की लाल पडते, आणि शुभकार्याच्या कापडावर तो लाल डाग कोणाला खपत नाही. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत किंवा लोह असलेल्या बोअरच्या पाण्यात पिवळा शेवाळी होतो.

काळा संक्रांतीआधी तयार ठेवा. चंद्रकळेला, बोरन्हाणाच्या झबल्याला चालतो, हळदीला कोणी शिवणार नाही. त्यासाठी हिरडा लावलेल्या कापडाला किलोमागे २० ग्रॅम हिराकस पुरे, पूर्ण विरघळवून, नाहीतर ठिपके पडतात. रंग दाट हवा तर हिराकस वाढवू नका, त्याने सूत कुजतं. धुऊन पुन्हा हिरडा, पुन्हा हलका हिराकस द्या.

ओटीच्या हिरव्याला मात्र हिराकस अजिबात नको. आधी निळीत (झाडाच्या नैसर्गिक निळीत, धुण्याच्या नव्हे) हलकी बुडी, धुऊन वाळवणं, मग हिरडा, तुरटी आणि डाळिंब. उलट क्रमाने केलं तर निळीच्या क्षारी पाण्यात पिवळा बिघडतो.