नदी आटते तेव्हाचे वाचन

प्रश्न : सात महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली आणि घर शिलकीवर चालले आहे. मनाला आधार मिळावा म्हणून मी रोज भगवद्गीतेचा एक अध्याय वाचतो. परंतु डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मनात हप्त्यांची बेरीज चालू असते. ‘संतुष्ट राहा’ हा उपदेश तर आता खुपतो. वाचनाने खरोखर आतून भरल्यासारखे वाटू शकते का?

उत्तर : वाटू शकते. मात्र वाचनाने हप्ता फिटत नाही, आणि नोकरीचा शोध थांबवून वाचत बसावे असे कोणताही संत सांगणार नाही. उपदेश खुपतो याला मी अश्रद्धा मानत नाही. तुकाराम महाराजांनी 1630च्या सुमाराच्या दुष्काळाविषयी लिहिताना, दुष्काळाने द्रव्य आटवले, मान नेला, एक पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे सारे अभंगात उघडपणे मांडले आहे. त्यांचे समाधानाचे अभंग या अभंगाशेजारी ठेवून वाचावेत, म्हणजे ते समाधान कोठून आले आहे हे कळते.

अध्याय उरकण्याचा नेम काही दिवस सोडा आणि दुसऱ्या अध्यायातील 70वा श्लोक तेवढा घ्या. चोहोंकडून पाणी येऊन मिळत असतानाही समुद्र जसा अचल राहतो, तसा ज्याच्यात सर्व कामना शिरूनही जो ढळत नाही त्यालाच शांती लाभते, असा त्याचा आशय आहे. श्लोकात केवळ भरून येण्याची बाजू आहे. ज्ञानेश्वरांनी मात्र 1290 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत त्यावर ओव्या रचताना उन्हाळाही आणला : ग्रीष्मात सगळ्या नद्या आटल्या, तरी समुद्र उणा होत नाही. मूळ श्लोकात नसलेला हा उन्हाळा माझ्या मनातून कधीच जात नाही, कारण अडचणीतल्या वाचकाची जागा नेमकी तिथे आहे. मिळकत ही आपल्याकडे येणारी नदी आहे आणि ती आज आटली आहे. परंतु आपली माया, आपली समज, आपला शब्द पाळण्याची सवय त्या नदीच्या पाण्यावर कधीच अवलंबून नव्हती.

वाचायला बसण्याआधी हप्त्यांची बेरीज कागदावर पुरती मांडा आणि तो कागद पोथीखाली ठेवा. मन पुन्हा आकड्यांकडे गेले तर त्याला रागावू नका. आकडे कागदावर सुरक्षित आहेत, एवढे सांगून ‘अचल’ या शब्दावर परत या. पहिले काही दिवस कदाचित काहीच जाणवणार नाही. पुढे एखाद्या संध्याकाळी घरातले कोणी बोलत असेल आणि आपण मध्ये बेरीज न करता ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे आपल्याच ध्यानात येईल.